बंदुकीवरची शेवटची ओळ

“वरचं, नव्या मालकांचं नाव कागदावर आहे तसंच ठेवा. फक्त शेवटची ओळ तेवढी बदला,” प्रेस्टन हेल्म म्हणाला आणि ऑरिनच्या बाकाच्या कडेला ऐसपैस टेकला.

ऑरिन डेव्हेंडॉर्फने डोळ्याचं भिंग कपाळावर सरकवलं. “शेवटची म्हणजे गावाची?”

“हां, तीच. टॅल्बट, अलाबामा.”

मागे पॉलिशच्या चाकांची घरघर चालू होती. ऑरिनने पेन्सिल उचलली खरी, पण ती कागदाला लागेना.

“पण बंदूक जिथं बनते त्याच गावाचं नाव तिच्यावर घालावं लागतं. कायदाच आहे तसा.”

“म्हणून तर!” प्रेस्टन उत्साहाने म्हणाला. “पुढच्या वर्षी तिकडून माल निघायला लागेल, त्याआधी ठसा हाताशी हवा. तिकडे सगळं यंत्रावरच होईल म्हणा, पण जुन्या मॉडेलच्या गिऱ्हाइकांना ही तुमच्या हातची अक्षरं लागतात. ती दिसली नाहीत तर…” बोलता बोलता त्याचं लक्ष ऑरिनच्या चेहऱ्याकडे गेलं आणि तो थांबला. “तुम्हांला ठाऊक आहे ना हे? मला वाटलं, तुम्हांला तरी नक्कीच ठाऊक असणार.”

ऑरिनने मान हलवली नाही. प्रेस्टनच्या मानेवर लाल चट्टे उठले. त्याने इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला.

“हे बघा, बुधवारचं मतदान होईपर्यंत तोंडातून शब्द काढू नका. तुमचं मी बघतो. तुम्हांला घरी बसून काम करता येईल, आम्ही ठसे पाठवून देत जाऊ.” आणि ऑरिनच्या खांद्यावर थोपटून तो निघून गेला. माणूस वाईट नव्हता. बिचाऱ्याला नको तिथे बोलून बसायची खोड होती, एवढंच.

अलाबामा हे दूर दक्षिणेतलं राज्य, एवढं ऑरिनला माहीत होतं. टॅल्बट हे गाव नकाशावर कुठे आहे, हे काही त्याला माहीत नव्हतं.

हॅडली क्रीक हे न्यू यॉर्क राज्यातलं गाव, पण न्यू यॉर्क शहराशी त्याचा संबंध फक्त मालकांपुरता. नदीकाठी लूमिसांचा बंदुकांचा कारखाना आणि कारखान्याभोवती गाव. ऑरिनचे वडील तिथे अक्षरं कोरायचे, आता ऑरिन कोरत होता. पोलादाच्या बांगडीएवढ्या चाकावर उलटी अक्षरं कोरायची, चाक भट्टीत घालून कडक करायचं, मग ठसेवाला ते बंदुकीच्या नळीवरून दाबून फिरवतो आणि नाव सुलटं उमटतं. आयुष्यभर उलटं लिहून ऑरिनला वाण्याची यादीसुद्धा सावकाश लिहावी लागे, असं त्याची बायको मार्था हयात असताना सगळ्यांना सांगत असे.

त्याच्या बाकावरच्या तुळईला पितळेच्या पट्ट्या ठोकलेल्या होत्या. नवा ठसा झाला की आधी तो पितळेच्या पट्टीवर उमटवून पाहायचा, ही इथली रीत. मग ती पट्टी खात्यात हातोहात फिरे, प्रत्येक जण तिच्यावरून अंगठा फिरवी, कुणी शेरा मारी, आणि सगळ्यांचे अंगठे फिरून झाले की ती तुळईवर जाई. अंगठा लावल्याशिवाय नवं नाव लागू होत नाही, असं सगळे थट्टेने म्हणत, पण चुकवत कुणी नसे.

सर्वांत वर ‘लूमिस अँड सन्स’. ती पट्टी ऑरिनच्या वडिलांची. पुढे लूमिसांच्या नातवांना बंदुकांपेक्षा घोड्यांचा नाद लागला आणि त्यांनी कारखाना रंग आणि खतं बनवणाऱ्या एका कंपनीला विकला. त्या कंपनीने तो होड्या विकणाऱ्यांच्या गळ्यात मारला. होडीवाल्यांकडून तो न्यू यॉर्कच्या गुंतवणूकदारांकडे गेला. ते बुडाले, आणि ज्यांनी त्यांना कर्ज दिलं होतं तेच आता मालक होऊन बसले होते. दर वेळी वरून एखादा नवा साहेब यायचा. एक बिस्किटांच्या धंद्यातून आला होता, तो नव्या मॉडेलला ‘नवी चव’ म्हणायचा. एकाने कँटीनच्या सगळ्या खुर्च्या बदलल्या आणि उन्हाळा संपायच्या आत त्यालाच कुणीतरी बदललं. प्रेस्टन हेल्म हा यंदाचा तिसरा.

पट्ट्यांवरची नावं अशी खाली खाली लांबत गेली होती; अमक्याचा विभाग, तमक्याची शाखा. शेवटची ओळ मात्र प्रत्येक पट्टीवर एकच होती. हॅडली क्रीक, न्यू यॉर्क. ती ऑरिनने इतक्यांदा कोरली होती की तिच्यासाठी त्याला आखणीही लागत नसे.

नव्या मालकांनी महिन्यापूर्वी कामगारांपुढे अट ठेवली होती. पगार कमी घ्या, नोव्हेंबरातली हरणांच्या शिकारीची सुट्टी सोडा, म्हणजे कारखाना इथेच राहील. बुधवारी त्याच्यावरच मतदान होतं. पगाराचं एक वेळ चाललं असतं, पण हरणांची सुट्टी! त्या सुट्टीत शाळासुद्धा बंद असायची. गाव चवताळून उठलं होतं. त्या गावाला समजावायचं काम युनियनकडून जिने अंगावर घेतलं होतं ती रोंडा, ऑरिनची एकुलती एक मुलगी. ती जुळणीखात्यात होती. गेले तीन आठवडे ती रोज संध्याकाळी दारोदार फिरत होती, लोकांच्या स्वयंपाकघरात बसून त्यांची पटवापटवी करत होती. ऑरिनला तिचा फार अभिमान वाटत असे. मार्था असती तर ती गावभर सांगत सुटली असती.

आता हे सगळं फुकट होतं. पोरीला फसवलंय, ऑरिनच्या मनात एवढंच आलं. आपल्या पोरीला पुढे करून गावाला फसवतायत.

त्या संध्याकाळी त्याने रोंडाला फोन केला. तिने उचलला नाही. मंगळवारी पुन्हा केला. तेव्हाही नाही. कुणाच्या तरी घरी बसली असेल, असं म्हणून त्याने फोन ठेवून दिला.

मंगळवारी दुपारी जेवणाच्या सुट्टीत कार्माइन फियोरेंझा नेहमीसारखा डबा घेऊन त्याच्या बाकापाशी आला. कार्माइन हा ठसेवाला. ऑरिन कोरी आणि कार्माइन उमटवी, असं दोघांचं अर्धं आयुष्य गेलं होतं. अलीकडे त्याला दिसायचं कमी, पण अंगठ्याने तो नळीवरचं अक्षर न् अक्षर वाचायचा.

“काय रे, आमची लूमिस म्हातारी पुन्हा बोहल्यावर चढली म्हणे?” कार्माइन हिरव्या मिरच्यांच्या भाजीचा सँडविच सोडत म्हणाला. “या वेळचा नवरा कोण?”

“नाव लांबलचक आहे,” ऑरिन म्हणाला.

“असणारच. जेवढं नाव लांब तेवढा खिसा फाटका. येतो, बाईचे दागिने विकतो आणि पसार होतो. पण एक मानलं पाहिजे हां म्हातारीला. एवढे नवरे केले, माहेर काही सोडलं नाही!” स्वतःच्या विनोदावर तो खदखदून हसला. मग हसू आवरून म्हणाला, “मी उद्या ‘हो’ म्हणणार आहे.”

“तू? तू तर म्हणत होतास, हरणांच्या सुट्टीला हात लावला तर…”

“म्हणत होतो. पण तुझी रोंडा आली होती रविवारी. जेवायला थांबवली आमच्या हिनं, अँजीनं. पोरगी म्हणाली, काका, माझ्यावर भरवसा ठेवा. झालं, संपलं. लहानपणी माझ्या मांडीवर झोपलीय ती. तिच्यावर नाही तर कुणावर ठेवायचा?”

ऑरिनने हातातला पाव खाली ठेवला. सांगून टाकावं, असं त्याला वाटलं. पण सांगायचं तर आधी रोंडाला सांगायला हवं होतं. पोरीने गावाला शब्द दिला होता, तो परत घ्यायचा तर तिनेच घ्यायला हवा होता. तिच्या पाठीमागे बोलणं त्याला बरं वाटेना.

“सँडविच देतोस का अर्धा?” एवढंच तो म्हणाला.

जेवणानंतर तो कोरायला बसला. वरच्या ओळी झाल्या. शेवटच्या ओळीशी हात थबकला. चुकून जुनंच नाव कोरलं जाईल, अशी त्याला भीती वाटली, म्हणून जन्मात पहिल्यांदाच त्याने त्या ओळीसाठी आखणी केली. अक्षरं नीटच आली. काम वाईट करून सूड घेणं त्याला जमण्यासारखं नव्हतं.

बुधवारी दुपारी ठसा भट्टीतून निघाला. त्याने तो पितळेवर फिरवला. टॅल्बट, अलाबामा. इतका वेळ ती नुसती कानावर आलेली गोष्ट होती, आता ती धातूत उमटली होती. ऑरिनने पट्टी कोटाच्या खिशात टाकली आणि कुणाशी न बोलता बाहेर पडला.

मतदान आगीच्या बंबांच्या शेजारच्या हॉलमध्ये होतं. तिथेच गावाची लग्नं होत, तिथेच मयतानंतरची जेवणं होत. ऑरिन पोचला तेव्हा पुढे खुर्च्या मांडणं चाललं होतं आणि रोंडा मागच्या स्वयंपाकघरात एकटीच मोठ्या ताटांत अर्धी काळी, अर्धी पांढरी बिस्किटं लावत होती.

“लवकर आलात, बाबा? कॉफी व्हायचीय अजून.”

ऑरिनने दार लोटून घेतलं आणि पट्टी बिस्किटांच्या ताटाशेजारी ठेवली. “हे बघ. बघ आणि बाहेर जाऊन सांग सगळ्यांना. मला चारचौघांत बोलायला जमत नाही, तू सांग. फसवलंय तुला त्यांनी.”

रोंडाने पट्टी वाचली. ऑरिन तिच्या चेहऱ्याकडे बघत होता. आता ती ओरडेल, आता तोंडावर हात घेईल, म्हणून तो तिला सावरायला एक पाऊल पुढेही झाला. तिने हात पुसले. पट्टी उचलून त्याच्या कोटाच्या खिशात परत घातली आणि खिशाचं झाकण नीट केलं.

“ही आतच ठेवा, बाबा.”

तेव्हा त्याला कळलं. प्रेस्टन ‘तुम्हांला तरी नक्कीच ठाऊक असणार’ असं का म्हणाला, दोन दिवस फोन का उचलला गेला नाही, सगळं एकदम कळलं.

“तुला माहीत होतं.”

“गेल्या आठवड्यात सांगितलं त्यांनी. आधी आवाज खाली करा.”

“कार्माइनकडे तू रविवारी जेवलीस, रोंडा! त्याच्या घरात बसून, त्याचं खाऊन…”

“हो, जेवले! ऐकून तरी घ्याल का माझं? आज हे लोक ‘नाही’ म्हणाले तर नाताळच्या आत टाळं लागेल. ‘हो’ म्हणाले तर पुढच्या पानगळीपर्यंत तरी कारखाना चालेल. कार्माइनकाकांची पेन्शनची वर्षं येत्या उन्हाळ्यात पुरी होतायत. त्यांच्यासारखे कितीतरी आहेत. एवढंच मिळवून देता येतंय मला, तेवढं तरी मिळवू द्या.”

“मग हेच सांग ना त्यांना. त्यांचं त्यांना ठरवू दे.”

“सांगितलं की सौदा मोडला. तसं बजावलंय मला.”

बोलता बोलता ती एका बिस्किटावरची पांढरी साखर नखाने खरवडत होती. लहानपणी काही लपवायचं असलं की ती टेबलाचा रंग असाच खरवडायची. ऑरिनची नजर त्या नखावर खिळली.

“आणि तुला काय देतायत?”

कॉफीच्या यंत्राने आत गुरगुर केली.

“रोंडा.”

“टॅल्बटला फोरमनची जागा,” ती म्हणाली. “चव्वेचाळीस वर्षांची आहे मी, बाबा. इथं राहून काय करू? हायवेवर कॉफी विकू?”

ऑरिनला राग आला असता तर बरं झालं असतं. राग आला नाही. हिचा हात धरून आपण तिला कारखान्यात नेलं होतं, तुळईवरच्या पट्ट्या दाखवल्या होत्या, उचलून धरून तिचा इवलासा अंगठा त्यांच्यावर टेकवला होता. ती हीच. तो दार उघडून हॉलमध्ये गेला आणि पहिली रिकामी खुर्ची दिसली तिच्यावर बसला.

ती नेमकी कार्माइनच्या शेजारची निघाली.

“आलास? बरं झालं. आण पट्टी.”

“कसली पट्टी?”

“कसली म्हणजे? दुपारी ठसा फिरवलास, आवाज ऐकला मी. डोळे गेलेत, कान नाही गेले. आज कारखान्यात न दाखवताच सटकलास. चल काढ, सगळे आहेत इथंच, अंगठे लावून टाकू.”

“उद्या बघू.”

“उद्या कशाला? खिशात वाजतंय की!” आणि इतक्या वर्षांच्या हक्काने कार्माइनने त्याच्या खिशात हात घालून पट्टी बाहेर काढली. आजूबाजूचे वळून बघू लागले. मागून कुणीतरी ओरडलं, “नवीन जावयाचं नाव वाच रे, कार्माइन!”

कार्माइनने डोळे मिटले आणि अंगठा लावला. “लूमिस… हां. मग हे कोण? बाप रे, आगगाडी आहे नुसती. वा, ऑरिन, खोल आलंय.” अंगठा खाली सरकला. थांबला. मागे गेला, पुन्हा पुढे आला. “अरे?”

ऑरिन जमिनीकडे बघत होता.

“खालच्या ओळीत काय घोळ घातलास रे? गाव दोन शब्दांचं आहे ना आपलं? हा एकच शब्द आहे, आणि पुढे भलतंच काहीतरी.” कार्माइनचा चेहरा आधी गोंधळला, मग खुलला. “अहो ऐका! ऑरिन डेव्हेंडॉर्फ चुकला! आपल्या गावाचं नाव चुकला!”

हॉलमध्ये हशा उसळला. गेले कित्येक दिवस गाव असं एकत्र हसलं नव्हतं, म्हणून लोक जरा जास्तच हसले.

“चष्मा बदल, म्हाताऱ्या!”

“घराचा पत्ता आठवतोय का, की सोडायला येऊ?”

ऑरिनने मान वर केली. स्वयंपाकघराच्या दारात रोंडा उभी होती, हातात कॉफीची किटली. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. एक शब्द बोललं की हे सगळं गाव तिच्याकडे वळून बघेल, हे ऑरिनला दिसत होतं. न बोललं तर हेच गाव थोड्या वेळाने उठून भरवशाने ‘हो’ म्हणेल, हेही दिसत होतं. कार्माइन त्याच्याकडे तोंड करून हसत बसला होता.

“असेल,” ऑरिन म्हणाला. “चुकलो असेन.”

त्याच्या ठशात कधी चूक निघाली नव्हती. त्याच्या वडिलांच्याही नाही. ऑरिनकडे दुसरं काही नव्हतं. घर साधं, गाडी जुनी, बोलणं चार माणसांत न शोभणारं. होती ती एवढी एकच गोष्ट, आणि ती त्याने लेकीसाठी टाकून दिली. हे त्याला बरोबर वाटलं असं नाही. कार्माइनच्या तोंडाकडे तर त्याला बघवेना.

“जाऊ दे रे,” त्याचं तोंड उतरलेलं जाणवून कार्माइन म्हणाला. “एवढं काय मनाला लावून घेतोस? उद्या घासून टाक, नवीन कोर. आम्ही कुणाला सांगणार नाही. काय रे पोरांनो?”

“छे छे, फक्त सगळ्यांना सांगणार!” पुन्हा हशा.

“बाबा चुकले नाहीत, कार्माइनकाका.”

आवाज मोठा नव्हता, म्हणून आधी पुढच्यांनाच तो ऐकू गेला. मग हळूहळू मागचेही गप्प झाले. रोंडा किटली घेऊन हॉलच्या मधोमध आली होती.

“टॅल्बट आहे ते. अलाबामा. कारखाना तिकडे चाललाय. तुम्ही ‘हो’ म्हणा, ‘नाही’ म्हणा, चाललाय.” तिने श्वास घेतला. “मला गेल्या आठवड्यापासून माहीत होतं. मला तिकडे जागा देणार होते. बाबा चुकलेले नाहीत. त्यांना हसू नका.”

मतपेटीपाशी बसलेल्या माणसाने हातातला चिठ्ठ्यांचा गठ्ठा तसाच मांडीवर ठेवला. कार्माइनचा अंगठा अजून त्या शेवटच्या ओळीवरच होता. त्याने ती पुन्हा एकदा वाचली, अक्षर अक्षर करून. मग काय करावं ते न सुचून, सवयीने, त्याने पट्टी शेजारच्या माणसाकडे दिली.

शेजारच्याने अंगठा फिरवला आणि पुढे दिली. पट्टी एका रांगेतून दुसऱ्या रांगेत गेली. वरच्या ओळींवरून अंगठे भराभर जात होते, शेवटच्या ओळीशी प्रत्येक अंगठा अडत होता. कार्माइनच्या अँजीने पट्टी घेतली, रोंडाकडे एकदा पाहिलं आणि मान फिरवून पट्टी पुढे दिली. कुणी एक शेराही मारला नाही.

रोंडा जिथे होती तिथेच उभी होती. भरलेली किटली जड होती, पण तिच्या हातातून ती घ्यायला कुणी उठेना. शेवटी ऑरिन उठला. त्याने किटली घेतली, टेबलावर ठेवली आणि तिच्या शेजारी जाऊन उभा राहिला.

सगळीकडून फिरून पट्टी त्याच्या हातात परत आली तेव्हा ती कोमट झाली होती. त्याने ती रोंडापुढे धरली. तिचाच तेवढा अंगठा राहिला होता.